मशीनला कोणतं पॉलिश लावायचं? मामाच्या बॉनेटचा धडा

(या भागात बोललेलं जवळपास जसंच्या तसं उतरवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर इयरफोन लावा.)

मागे मधूनच धडधड ऐकू आली तर घाबरू नका, ती कसारा लोकल आहे. मी बोलतोय उंबरमाळीहून. मुंबईकडून येताना खर्डी गेलं की कसाऱ्याच्या आधीचं स्टेशन. घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथे मी गाड्या धुतो, रबिंग-पॉलिश करतो, आतली सफाई करतो. शेड छोटी आहे, एका वेळी एकच गाडी मावते.

गेल्या महिन्याभरात मला सगळ्यात जास्त वेळा आलेला मेसेज सांगतो. "दादा, पॉलिशिंग मशीन मागवलंय. आता पॉलिश कुठलं घेऊ? लिंक टाका ना."

आज लिंक देणार नाहीये. आज एक गोष्ट सांगणार आहे, आणि त्यातून बाटली कशी निवडायची ते सांगणार आहे. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा.

मामाची निळी गाडी

मी तेव्हा नुकतंच मशीन घेतलं होतं. हातात येऊन चार दिवस झाले होते. रोटरी मशीन, सोबत एक लोकरी पॅड. दुकानात विचारलं, "सगळ्यात भारी कुठलं?" त्यांनी सगळ्यात जास्त कट असलेलं कंपाऊंड हातात दिलं. मला वाटलं, जास्त कट म्हणजे जास्त चमक. सोपा हिशोब!

मामाकडे गडद निळ्या रंगाची सेकंडहँड सेडान होती. मामेबहिणीचं लग्न ठरलेलं, गाडी विकून पैसे उभे करायचे होते. रविवारी कल्याणहून गिऱ्हाईक येणार होतं. मामा शनिवारी सकाळी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "भाच्या, जरा चमकव. दोन पैसे जास्त येतील."

मी बॉनेटवर कंपाऊंडची धार सोडली आणि मशीन फुल स्पीडला लावलं. पाच मिनिटांत असली चमक आली की मीच खूश. मग बॉनेटची ती उंच रेघ असते ना, बॉडी लाइन, तिच्यावर एक ओरखडा होता. तो जाईना. मी मशीन तिथेच धरून ठेवलं. थोडं दाबलं. अजून थोडं दाबलं. पुसून बघतो तर ओरखडा गेलेला, आणि त्याच्यासोबत रंगही गेलेला. बोटभर लांबीची राखाडी पट्टी. तो प्रायमर होता.

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ठोकली होती का?" मामाने खरं काय ते सांगितलं, पण सेकंडहँड गाडीच्या सौद्यात अशा गोष्टीवर विश्वास कोण ठेवतो? ठरलेल्या किमतीतून वीस हजार कमी झाले.

मामा मला एका शब्दाने बोलला नाही. उलट जाताना मला पॉलिशचे पैसे द्यायला लागला. मी घेतले नाहीत. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

पॉलिश काय करतं?

माझी चूक दाबण्यात होती, स्पीडमध्ये होती, पॅडमध्ये होती, सगळ्यात होती. पण मुळातली चूक वेगळी होती. मला वाटायचं, पॉलिश म्हणजे गाडीला *लावायची* गोष्ट. तेल लावतो, क्रीम लावतो, तसं. खरं तर मशीनचं पॉलिश गाडीवरून काहीतरी *काढतं*.

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर थर असतात. आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याकडचे पेंटर याला क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन होतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा एक कागद हातात घ्या, तो साधारण १०० मायक्रॉन असतो. म्हणजे तुमच्या गाडीचा अख्खा रंग जेमतेम एक-दीड कागदाइतका जाड. त्यातला क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याच्या एका केसापेक्षा पातळ!

आता ओरखडा म्हणजे काय? या क्लिअरमध्ये पडलेली बारीक चर. तिच्या कडांवर उजेड विखुरतो, म्हणून ती आपल्याला दिसते. पॉलिशमध्ये बारीक, कडक दाणे असतात, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. ते चरीच्या आजूबाजूचा क्लिअर झिजवत झिजवत चरीच्या तळापर्यंत आणतात. पृष्ठभाग सपाट झाला, उजेड सरळ परतला, चमक दिसली. चर *भरत* नाही. आजूबाजूची जमीन खाली जाते.

त्यामुळे माझ्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय. गाडीचा क्लिअर म्हणजे असं बँक खातं, ज्यात भरणा होत नाही, फक्त पैसे काढता येतात. ऊन अडवणारी द्रव्यंसुद्धा त्याच क्लिअरमध्ये असतात. तो फार पातळ झाला की दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरे चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. रस्त्यात तुम्ही अशा गाड्या बघितल्याच असतील, टपावर आणि बॉनेटवर पापुद्रे उडालेल्या. तिथे मग पॉलिशचं काम संपतं आणि पेंटरचं सुरू होतं.

मामाच्या गाडीला आधीच्या मालकाने दर सर्व्हिसिंगला रबिंग मारून घेतलेलं. हे मला नंतर कळलं. खातं रिकामंच होतं, आणि मी चेक फाडत बसलो.

म्हणून पॉलिश निवडताना पहिला प्रश्न "चमक किती येईल?" हा नाही. पहिला प्रश्न: "या गाडीकडे काढायला शिल्लक किती आहे?"

बाटलीच्या आधी गाडी बघा

यासाठी महागडं काही लागत नाही. तुमच्या हातातला फोन पुरे. संध्याकाळी गाडी सावलीत लावा, फोनचा टॉर्च चालू करा आणि पत्र्यापासून फूट-दीड फुटावर तिरका धरा. उजेडाच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतील. त्या खरं तर सगळ्या दिशांना पसरलेल्या असतात, उजेडामुळे गोल दिसतात. पुसताना, धुताना पडलेले बारीक ओरखडे ते.

आमच्या भागात ते जास्त का असतात, सांगतो. तानसा आणि भातसा, मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि मार्च-एप्रिलनंतर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मग गाडी धुवायला पाणी कोण काढणार? लोक कोरड्या फडक्याने पुसतात. महामार्गाची धूळ, ट्रकच्या चाकांतून उडालेली बारीक खडी, आणि त्यावर कोरडं फडकं. तो वॉटर पेपरच झाला की हो! वर गाडी उंबराखाली लावलेली. रात्री वटवाघळं येतात उंबरं खायला, सकाळी बॉनेटवर प्रसाद. उन्हात तो तापला की क्लिअरमध्ये डाग खोल जातो.

तर टॉर्चखाली दिसलेल्या ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. हलकेच. नख अडकलं, तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण काढायचा नाद सोडा. तेवढा क्लिअर झिजवणं धोक्याचं आहे. कडा थोड्या गोल होऊन तो कमी दिसेल, तेवढ्यावर समाधान माना. नख न अडकता सरकलं, तर काम होण्यासारखं आहे.

दुसरी तपासणी: गाडीला क्लिअर आहे का? जुन्या गाड्यांना, आणि स्वस्तात रंगवलेल्या काही गाड्यांना, क्लिअर नसतोच. एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासा. कापडाला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर नाही, तुम्ही थेट रंग झिजवताय. अशा गाडीलाही पॉलिश होतं, पण हात अजून हलका लागतो.

तिसरी: गाडी परत रंगवलेली आहे का? दाराच्या रबराखाली, हँडलच्या कडेला रंगाची रेघ दिसते का बघा. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं. माझ्याकडे आहे. कंपनीचा रंग असेल तर आकडा १००-१५० च्या आसपास येतो. कुठे अचानक ५००, ८०० आला तर खाली पुट्टी आहे. आता गंमत अशी की आकडा मोठा म्हणजे क्लिअर जाड, असं अजिबात नाही. मीटर सगळे थर मिळून सांगतं. आणि साधं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, ते पत्र्यावरच चालतं.

आणि मॅट फिनिशची गाडी असेल तर मशीन बॅगेतून बाहेरच काढू नका. मॅट एकदा चमकली की परत मॅट होत नाही.

आता बाटली

दुकानात शंभर नावं दिसतात, पण आपल्या कामापुरते चारच प्रकार.

पहिला, कंपाऊंड. भरड दाणे किंवा जास्त कट. खोल ओरखडे आणि वॉटर पेपरच्या खुणा काढायला.

दुसरा, मधलं पॉलिश. मीडियम कट. फडक्याची जाळी, पाण्याचे हलके डाग यांच्यासाठी. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांचं काम इथेच भागतं.

तिसरा, फिनिशिंग पॉलिश. अगदी बारीक. कंपाऊंडने आलेला धूसरपणा काढून रंग खोल, ओला दिसायला लावणारं. काळ्या, गडद निळ्या, लाल गाडीला याची गरज जास्त पडते, कारण त्यांच्यावर सगळं दिसतं. पांढऱ्या-चंदेरी गाडीला बऱ्याचदा मधल्यावरच थांबता येतं.

चौथा, ऑल-इन-वन. थोडे बारीक दाणे आणि सोबत मेण किंवा सीलंट. एका फेरीत थोडी सफाई, थोडं संरक्षण. ज्याला गाडी रोज कसारा स्टेशनला लावायची आहे आणि चारच तास हातात आहेत, त्याला मी हेच करून देतो.

तुमची पहिली बाटली कुठली? दुसऱ्या प्रकारातली. मीडियम कट, छोटी, २५० मिलीची. मला एका हॅचबॅकला एका फेरीत ५०-६० मिली लागतं, म्हणजे शिकता शिकता तीन-चार गाड्या होतील. कंपाऊंड नंतर घ्या, गरज पडली तर.

बाटलीवर काय वाचायचं? एक, ते मशीनसाठी आहे का. डब्यातलं मेणासारखं पॉलिश येतं ना, हाताने लावून फडक्याने पुसायचं, ते बहुतेक चकाकी आणि संरक्षणासाठी असतं. त्याने ओरखडे जातील अशी आशा धरू नका.

दोन, कटचा आकडा. काही कंपन्या एक ते दहा असा कट लिहितात. पण एका कंपनीचा पाच आणि दुसरीचा पाच सारखा नसतो. त्या आकड्यांची तुलना त्याच कंपनीच्या बाटल्यांमध्ये करा.

तीन, दाणे कसे आहेत. काहींचे दाणे घासता घासता फुटून बारीक होत जातात. असं पॉलिश पूर्ण घोटावं लागतं. अर्ध्यात थांबलात तर भरड दाण्यांच्या खुणा राहतात, आणि मग लोक म्हणतात पॉलिशच वाईट. दुसऱ्या प्रकारचे दाणे सुरुवातीपासून बारीक आणि एकसारखे असतात, ते शेवटपर्यंत कापत राहतात. तिथे किती वेळ आणि किती दाब, हे तुम्ही ठरवायचं. बाटलीवरच्या सूचना वाचल्या की कुठला प्रकार हे बहुतेक वेळा कळतं.

चार, सिलिकॉन आणि फिलर. काही पॉलिशमध्ये तेलं, फिलर असतात, ते चर तात्पुरती बुजवतात. गाडी चकाचक दिसते, दोन-तीन धुण्यांनंतर जाळं परत हजर. तुम्ही गिऱ्हाइकाचं काम करत असाल तर ही फसवणूक नकळत तुमच्या हातून होते. आणि गाडीचा एखादा भाग पुढे रंगवायचा असेल तर सिलिकॉन नसलेलंच घ्या. सिलिकॉन राहिलं तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पेंटर तुमचा उद्धार करतो.

आणि हो, टूथपेस्ट नको. त्यातही दाणे असतात, म्हणूनच व्हिडिओमध्ये फरक दिसतो. पण ते दातांसाठी बनवलेले असतात. क्लिअरवर ते किती कापतील, हे ट्यूबवर कोणी लिहिलेलं नसतं.

अर्धं पॉलिश पॅडमध्ये असतं

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. एकच बाटली, लोकरी पॅडवर लावली तर कापते, मऊ फोमवर लावली तर चमकवते. क्रम असा: लोकरी आणि मायक्रोफायबर पॅड सगळ्यात जास्त कापतात, मग कडक फोम, मग मध्यम फोम, मग मऊ फोम. रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा नारिंगी कडक असतो, दुसरीचा मध्यम. दाबून बघा.

म्हणजे बाटली निवडायची ती नेहमी जोडीने. मीडियम पॉलिश आणि मध्यम फोम, ही सुरुवातीची जोडी. कमी पडलं तर बाटली तीच ठेवून आधी पॅड कडक करा. तरीही कमी पडलं तरच बाटली बदला.

तिसरा गडी मशीन. रोटरीत पॅड एकाच आसावर गरगर फिरतं. पटकन कापतं, पटकन तापतं, आणि हात कच्चा असेल तर उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे सोडतं, त्यांना होलोग्राम म्हणतात. ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए मशीनमध्ये पॅड फिरतं आणि सोबत डोलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. ८, १५, २१ मिलिमीटर असे आकडे असतात, ते या डोलण्याचे. नवशिक्याने डीए घ्यावं. रोटरीच हातात असेल तर कंपाऊंड आणि लोकरी पॅडची जोडी पहिल्या दिवशी नको. माझं बॉनेट आठवा. म्हणजे मामाचं.

दीड फुटाची परीक्षा

आता सगळ्यात कामाची गोष्ट. कुठलीही बाटली पूर्ण गाडीवर जाण्याआधी दीड बाय दीड फुटावर परीक्षा देते. कंपनीच्या रंगाचा, सपाट भाग निवडा.

गाडी आधी धुतलेली हवी. आमच्यासारखं पाण्याचं दुर्भिक्ष असेल तर दोन बादल्या पुरतात: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. मग क्ले बार, शाम्पूच्याच पाण्यावर हलका फिरवायचा. हाताला खरखर लागत असेल तर ती आधी गेली पाहिजे, नाहीतर तीच धूळ पॅडखाली घासली जाईल. प्लॅस्टिक, रबर आणि धारेच्या कडा यांना मास्किंग टेप. कडांवर रंग पातळ बसलेला असतो, आणि पॅडचा सगळा भार तिथे येतो. प्लॅस्टिकच्या बंपरवरही जपून, पत्र्यासारखी उष्णता तो पसरवत नाही.

पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब. पॅड आधी पत्र्याला टेकवा, मग मशीन चालू करा. उलटं केलंत तर पॉलिश तुमच्या शर्टाला आणि शेजाऱ्याच्या भिंतीला. डीएला एक-दोन नंबरवर पसरवा, मग चार-पाचवर काम. हात सेकंदाला इंच-दीड इंच, प्रत्येक पट्टा आधीच्याच्या अर्ध्यावर चढलेला. आडवं, मग उभं, असं चार वेळा. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच. मधूनमधून तळव्याची मागची बाजू लावून बघा: कोमट चालेल, चटका नको.

पुसून घ्या आणि लगेच खूश होऊ नका. पाव भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाऊण भाग पाणी, असं स्प्रेने मारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. तेल आणि फिलर निघून जातात, खरं काय ते समोर येतं. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. आता परत टॉर्च. जाळं गेलं? बास, हीच जोडी पूर्ण गाडीला. अर्धं राहिलं? एक पायरी वर. जाळं गेलं पण धूसर दिसतंय? मऊ पॅडवर फिनिशिंगची एक फेरी.

प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करा. निघालेला क्लिअर आणि वाळलेलं पॉलिश त्यात साचतं आणि तेच ओरखडे पाडतं. पॅड बदलताना प्लग काढून ठेवा. तोंडाला मास्क लावा, ती पावडर छातीत जायला नको.

ऋतूही बघा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॉलिश पॅडवरच वाळतं, भुकटी उडते. मी सकाळी सहाला सुरू करतो, दहाला बंद. पावसाळ्यात उलटं, हवेत इतका ओलावा की उरलेलं पॉलिश चिकटून बसतं, पुसायला दुप्पट वेळ. तेव्हा थेंब कमी घ्या, भाग छोटा घ्या. बाटली तीच असते, वागते मात्र वेगळी.

आणि काम झालं की वर मेण किंवा सीलंट लावायलाच हवं. पॉलिश संरक्षण देत नाही. ते फक्त घेऊन जातं.

परत मामा

दोन वर्षांनी मामाने दुसरी गाडी घेतली. तीही सेकंडहँड, तीही गडद, या वेळी काळी. एके दिवशी शेडसमोर आणून लावली आणि चावी माझ्या हातात दिली. मला खरंच वाटलं नव्हतं तो परत माझ्याकडे येईल.

मी मीटर फिरवलं, टॉर्च मारला, दीड फुटाची परीक्षा घेतली. यातच तास गेला. मामा खुर्चीवर बसून चहा पीत बघत होता. मग म्हणालो, "मामा, जाळी जाईल. पण बॉनेटवरचे हे तीन ओरखडे राहतील. नख अडकतंय. काढायला गेलो तर क्लिअर राहणार नाही."

मामा उठला, वाकून त्या ओरखड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे की. ओरखडे मला चालतात. राखाडी पट्टी चालत नाही."

आम्ही दोघंही हसलो. ती गाडी आजही त्याच्याकडे आहे, तीन ओरखड्यांसकट. मी गिऱ्हाइकांना ती मुद्दाम दाखवतो.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. आज रात्री फोनचा टॉर्च घेऊन आपल्या गाडीपाशी जा. जाळं बघा, नख फिरवा, दाराच्या रबराखाली डोकवा. काय दिसलं ते मला कळवा. आणि मग विचारा, "दादा, कुठलं पॉलिश घेऊ?" तेव्हा मी नक्की सांगेन. कदाचित "काहीच नको, नीट धुवा आणि मेण लावा" असंही सांगेन. त्यालाही तयार राहा.

पुढच्या भागात मेण, सीलंट आणि सिरॅमिक, आपल्याकडच्या पावसात कुठलं किती टिकतं, यावर बोलू. तोवर गाडी कोरड्या फडक्याने पुसू नका, एवढं ऐका. भेटूया!